हळदीकुंकवाच्या वहीत नसलेलं नाव

हुरड्याची पहिली कणसं दारात आली की मी वही काढते.

मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी सखू केम गावाहून गाडीनं येते, डोक्यावरचं गाठोडं मागच्या दारी उतरवते आणि पदरानं मान पुसत म्हणते, "वैनी, कणसं कवळी हायती. आजच भाजा, उद्या निबर हुत्याल." ओल्या ज्वारीला एक दुधाळ वास असतो. तो वास, गोवऱ्यांचा धूर, तळहातावर चोळून फुंकर मारली की उडणारी फोलपटं आणि शेंगाच्या चटणीचा ठसका, एवढं जमलं की आमच्या शुक्रवार पेठेत हिवाळा लागला. कॅलेंडर काही म्हणो.

मी यादी करणारी बाई आहे. धोब्याला दिलेले कपडे, उन्हात घालायच्या चादरी, बरण्यांमधली लोणची, येणारे पाहुणे आणि त्यांची पथ्यं, सगळं माझ्या वहीत असतं. घरातले म्हणतात, यमदूत आला तरी ही त्याला ओसरीवर बसवून आधी यादी पुरी करेल. करेन. अर्धवट यादी मागे ठेवून जाणं बरं दिसत नाही.

वर्षातली सगळ्यात मोठी यादी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. तिची वही वेगळी आहे, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडात बांधलेली. कोणाला बोलावलं, कोण आली, कोण आली नाही, कोणाकडे आपण जायचं राहिलं. दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत ती वही फडताळातून निघते. तिच्या पानांना हळद लागलेली आहे, बोटांचे कुंकवाचे ठसे आहेत. ते ठसे बघून एके काळी मला फार बरं वाटायचं. वाटायचं, कशी भरलेली वही आहे.

आता ती उघडताना मला दर वेळी एका दुपारची आठवण येते आणि कान तापतात.

त्या हिवाळ्यात आमच्या शहरावर इंग्रजांनी लावलेला मार्शल लॉ उठून काही वर्षं झाली होती. पांढरी टोपी घालून रस्त्यानं जाणाऱ्याला कोणी अडवत नव्हतं, गिरण्यांचे भोंगे आपापल्या वेळेला वाजत होते, आणि निवडणुकीची बोलणी ओसरीवर सुरू झाली होती. बोलणी पुरुषांची. आम्ही चहा बाहेर पाठवायचो आणि कपबशा परत यायच्या, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन-चार शब्दही आत यायचे. एका दुपारी वन्संनी वर्तमानपत्र वाचता वाचता चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगं सुशीला, यंदा बायकांनाही मत आहे."

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, भीमा. अकराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी परत माहेरी. नवरा तापानं गेला. माझे सासरे शाळामास्तर होते, त्या हिवाळ्यात पेन्शन घेऊन घरीच असायचे. त्यांनी मुलीचे केस राखू दिले आणि घरी बसवून लिहायला-वाचायला शिकवलं. एवढी सुधारणा त्यांना झेपली. त्यापुढची झेपली नाही. मी तेराव्या वर्षी या घरात आले तेव्हा मला धड बाराखडी येत नव्हती. वन्संनी माझा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं. माझी पहिली यादी धोब्याची होती, आणि 'धोतरं' लिहिताना माझी पेन्सिल मोडली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कपडे त्यांचे, घाम तुझा. सावकाश लिही." घरातली पत्रं त्या लिहायच्या. गल्लीतल्या बायकांचीही पत्रं त्याच लिहायच्या. माहेरी काय कळवायचं आणि काय कळवायचं नाही, हे बायका त्यांच्या कानात सांगायच्या.

नियम साधा होता. घरपट्टी भरणाऱ्याच्या बायकोला मत. शिवाय जिला लिहितावाचता येतं तिला मत. पण पुरुषांची नावं आपोआप चढत होती आणि बाईनं आपण होऊन अर्ज करायला हवा होता, ठरलेल्या तारखेच्या आत.

अर्ज आणि तारीख हे दोन शब्द ऐकले की मला स्फुरण चढतं. मी लगेच उठले. शुक्रवार पेठेतल्या बायकांची तयार यादी सबंध पेठेत एकाच घरी होती, आणि ते घर माझं. लाल कापडातली वही मी आठवडाभर आधीच बाहेर काढली.

पहिला धक्का तिथंच बसला. माझ्या वहीत नावंच नव्हती. पोस्टातल्या वहिनी. वकीलीणबाई. कोपऱ्यावरच्या काकू. विठूची आई. मोठ्या विहिरीजवळच्या मावशी. पानामागून पानं, वर्षामागून वर्षं, आणि एकाही बाईचं नाव नाही. या बायकांच्या मुलांच्या पत्रिका मला पाठ होत्या. कोणाला तिळाचं पथ्य आहे हे ठाऊक होतं. पण अर्जावर 'मोठ्या विहिरीजवळच्या मावशी' असं लिहून कसं चालणार?

मग मी घरोघर फिरले. सकाळची कामं उरकून, पदर खोचून, वही काखेत. उन्हाला धार नसायची त्या दिवसांत. गल्लीत हातमागांची खटखट चालू असायची आणि दारादारांत शेंगा, बोरं, पावटे वाळत पडलेले असायचे. मी विचारायची, "तुमचं नाव सांगा." आणि बायका लाजायच्या. चाळीस-पन्नास वर्षांच्या, नातवंडं मांडीवर असलेल्या बायका, स्वतःचं नाव सांगताना दाराच्या चौकटीकडे बघायच्या. विहिरीजवळच्या मावशींनी विचारलं, "कुठलं सांगू ग? बापानं ठेवलेलं की ह्यांच्या घरचं?" मी म्हटलं, "जे तुम्हाला आपलं वाटतं ते." त्यांनी मांडीवरचं नातवंड खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "असं कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी सांगते."

पलीकडच्या बोळात विणकरांची घरं. तिथली नरसम्मा माझ्या ओळखीची. तिच्या घरी चार माग, आणि कांड्या भरण्यापासून सुताला खळ देण्यापर्यंत निम्मं काम तिच्या हातचं. तिच्या बोलण्यात तेलुगूचा हेल आणि मराठी आपल्या मनाची. मी वही उघडली तशी ती हसायलाच लागली.

"माझं नाव कोन इचारत न्हाई अक्का. लुगडं किती झालं, तेवढं इचारतात."

"मी विचारते. आणि नवऱ्याचंही सांग. अर्जाला लागतं."

"ते कसं सांगणार मी?" तिनं कोनाड्यातल्या बालाजीच्या तसबिरीकडे बोट केलं. "हे."

"व्यंकटेश?"

तिनं मान हलवली आणि वर म्हणाली, "मी बोललो न्हाई हां. तू बोललीस."

हसत हसत मी लिहून घेतलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि स्वतःचं कोणी विचारायचं नाही, अशा दोन बंद दारांच्या मध्ये आमच्या बायका आयुष्य काढत होत्या, आणि त्याची आम्हांला इतकी सवय की त्याच्यावर कोडी घालून हसत होतो.

आठ दिवसांत यादी तयार झाली. तारीख संपायला एक दिवस उरला होता. दुपारी माजघरात मी ती वाचून दाखवली. ऐकायला सासूबाई होत्या. त्यांना मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नसे, पण कान तिखट. वन्सं सुपात शेंगा फोडत बसल्या होत्या. मागच्या दारात सखू. ती कणसं घेऊन आली होती आणि भाकरी खाऊन संध्याकाळच्या गाडीची वाट बघत होती. मी नावं वाचत गेले. पहिलं नाव सासूबाईंचं. ते ऐकून त्या हळूच म्हणाल्या, "हे नाव मला माझी आई गेल्यापासून कुणी हाकारलं नव्हतं."  मी आणखी ठसक्यात वाचायला लागले. विहिरीजवळच्या मावशींचं नाव आलं, पोस्टातल्या वहिनींचं आलं, नरसम्माचं आलं, माझं आलं. संपलं. मी वही मिटली आणि कौतुकाची वाट पाहू लागले.

वन्सं म्हणाल्या, "छान झालीय. अक्षर सुधारलंय तुझं."

आणि दारातून सखूनं विचारलं, "आन् ह्यांचं नाव वो? ह्यांचं न्हाय व्हय त्यात?"

शेंग फुटल्याचा आवाज थांबला.

मी वही उघडली. पानं पुढे केली, मागे केली, जणू नाव कुठेतरी असेल आणि मीच वाचायचं विसरले असेन. नव्हतं. ज्यांनी मला लिहायला शिकवलं, ज्यांनी ही बातमी मला वाचून दाखवली, ज्या रोज माझ्या शेजारी पाट टाकून जेवतात, त्यांचं नाव मी लिहिलं नव्हतं. आणि त्यांचं एकट्यांचं नव्हे. आमच्या गल्लीत आणखी दोघी विधवा होत्या. त्याही नव्हत्या. त्यांच्या दारावरून मी आठ दिवस वही घेऊन गेले होते आणि एकदाही पाय थांबला नव्हता.

"वन्सं," मी म्हटलं.

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "हळदीकुंकवाच्या वहीतून काढलीस ना यादी? मग मी कशी असेन त्यात."

"तुम्ही बोलला का नाहीत? आठ दिवस?"

"तुला कधी सुचतंय ते बघत होते."

या वाक्यावर मी पुष्कळ वर्षं विचार केला आहे. वन्संना मी कधी तोडून बोलले नव्हते. त्यांचं मी सगळं करायची. माझ्या मनात त्यांच्याबद्दल मायाच होती, आणि तरीही मी त्यांना वगळलं, कारण मी वापरलेली वही त्यांना वगळण्यासाठीच बांधलेली होती. अन्याय करायला दर वेळी वाईट माणूस लागत नाही. जुनी वही पुरते. ती हातात धरणारी बाई नीटनेटकी असली की काम आणखी बिनबोभाट होतं. शहाणपणानं भरलेल्या सगळ्या याद्यांकडे मी त्या दुपारपासून आधी एकाच नजरेनं बघते: यात कोण नाही?

तेव्हा मात्र विचाराला वेळ नव्हता. एक दिवस हातात होता. मी पाय आपटत उठले, चपला घातल्या आणि त्या दोघींकडे जाऊन आले. एकीनं दार लावून घेतलं. दुसरी म्हणाली, "मुलाला विचारते," आणि मुलगा नाही म्हणाला. उरल्या वन्सं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अर्जांचा गठ्ठा घेऊन कचेरीत गेलो. वन्सं, मी, नरसम्मा आणि पोस्टातल्या वहिनी. कारकून तरुण होता, कानावर पेन्सिल, टेबलावर फुटाण्याची पुडी. सवाष्णींचे अर्ज त्यानं भराभर घेतले. वन्संचा अर्ज बघून त्याचा हात थांबला.

"नवऱ्याचं नाव राहिलंय."

"राहिलेलं नाही. घातलेलं नाही," वन्सं म्हणाल्या. "वडलांचं घातलंय."

"नवऱ्याचं लागतं, बाई."

"ते वारले."

"वारले तरी नाव असतंच की."

"मेलेल्या माणसाचं असतं, तर माझं जिवंतपणी असायला काय हरकत आहे?"

पोस्टातल्या वहिनींनी तोंडाला पदर लावला. कारकून चिडला नाही, तो गोंधळला. म्हणाला, "तसं नाही हो. नवरा घरपट्टी भरत असेल तर बायकोला मत. तुमचा नवराच नाही, तर मत कशाच्या आधारावर देऊ?" आणि त्यानं अर्ज गठ्ठ्याच्या बाहेर ठेवला, फुटाण्यांच्या पुडीशेजारी. तो कागद तिथं पडलेला मला अजून दिसतो. तेवढ्यावर विषय संपणार होता. आतल्या साहेबाकडे जायचं म्हटलं तर साहेब दौऱ्यावर, आणि संध्याकाळी खिडकी बंद.

वन्संनी विचारलं, "नियमांचा कागद आहे ना छापलेला? जरा द्या बघू."

"तुम्ही काय करणार?"

"वाचणार."

त्यानं दिला. वन्संनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, पहिल्या ओळीपासून, घरात पोथी वाचतात तशी, एक शब्द न गाळता. कचेरीत आलेली माणसं वळून बघू लागली. वाचता वाचता त्या एका कलमापाशी आल्या, जिथं लिहिलं होतं की लिहितावाचता येणाऱ्या बाईला स्वतःच्या हक्कानं मत आहे. ते त्यांनी वाचलं. थांबल्या. पुन्हा एकदा वाचलं. मग कागद टेबलावर ठेवून म्हणाल्या, "वाचून झालं. आता लिहून दाखवू?"

कारकुनानं आम्हा चौघींकडे बघितलं, मग कागदाकडे. कानावरची पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली. वन्संनी अर्जाच्या तळाशी सही केली. भीमा. लग्नात सासरी ठेवलेलं लक्ष्मी हे नाव त्यांनी तीन वर्षं वापरलं होतं. ते त्यांनी तिथं लिहिलं नाही. पुढे बापाचं नाव, आणि खाली पेठ.

"घेतो," तो म्हणाला. "पण वरून विचारलं तर?"

"तर मला बोलवा. पुन्हा वाचून दाखवीन."

त्या वर्षीच्या संक्रांतीला मी वाण म्हणून शिसपेन्सिली लुटल्या. कंगवे नाहीत, कुंकवाच्या डब्या नाहीत. बायका आधी खट्टू झाल्या. पण मग ओट्यावर, जुन्या पंचांगाच्या कोऱ्या बाजूवर, आपापलं नाव लिहून बघायला बसल्या. हातांना हळद, आणि हळदीच्या बोटांत पेन्सिली. विहिरीजवळच्या मावशींचं 'अंबू' दोन अक्षरांचं, पण ते लिहिताना त्यांची जीभ दातांत आली होती. बाहेर बैलगाड्या गड्ड्याच्या जत्रेकडे चालल्या होत्या आणि घुंगरांच्या आवाजात आमच्या ओसरीवर डझनभर बायका अक्षरं काढत होत्या. इतकी शोभा त्या ओसरीला पुरुषांच्या बैठकीनं कधी आली नाही.

वन्सं आत होत्या. दर संक्रांतीला असायच्या तशा स्वयंपाकघरात, तिळगूळ वळत. सवाष्णींसमोर यायचं नाही, हा काही कोणी लिहून ठेवलेला नियम नव्हता. लिहायची गरजच पडली नव्हती. मी एक पेन्सिल घेऊन आत गेले आणि त्यांच्यापुढे धरली. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं.

त्यांनी हातातला लाडू ताटात ठेवला. "आत कशाला आणलीस? बाहेर दे."

मी उभी राहिले. ओसरीवरच्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं. त्यांतल्या कितीतरी जणींना मी मनातल्या मनात मोजलं, कोण उठून जाईल आणि कोण बसेल. मला धीर झाला नाही. पेन्सिल मी फळीवर ठेवली आणि बाहेर आले. कचेरीत कारकुनासमोर उभी राहणारी मी, स्वतःच्या ओसरीवर मात्र हरले. हे इथं लिहून ठेवते, कारण त्या हिवाळ्याची गोष्ट सांगताना मी ते गाळत आले आहे.

माघात मतदान आलं. थंडी अजून पहाटे बोचत होती, पण कणसं निबर झाली होती आणि सखू आता हुरड्याऐवजी हरभऱ्याचे डहाळे आणायला लागली होती. त्या दिवशीही ती होती. वन्संना विचारत होती, "मत म्हंजी नेमकं काय करायचं आसतं?" वन्संनी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्या शेत खुरपते, राखते, काढते. नाव मालकाचं. मला लिवाय येत न्हाय, मालकाला घरपट्टी न्हाय. मंजी आमी कुटंच न्हाय." 

गिरणीचा सकाळचा भोंगा झाला आणि ठरल्याप्रमाणे बायका आमच्या दारात जमल्या. एकत्र जायचं ठरलं होतं. एकेकट्या गेल्या असत्या तर निम्म्या वाटेवरून परत आल्या असत्या. नेसणी इस्तरीची, कपाळं भरलेली. मी वही घेऊन ओसरीवर आले. वन्संही दारापर्यंत आल्या, आणि उंबऱ्याच्या आत थांबल्या.

त्या का थांबल्या ते सगळ्यांना कळलं. चांगल्या कामाला निघताना पुढे विधवा नको. इतक्या वर्षांत कोणाला त्यांना मागे लोटावं लागलं नव्हतं. पायच थांबायचे.

सासूबाईंनी पावलांच्या आवाजावरून ओळखलं. म्हणाल्या, "भीमे, तू जरा मागून ये. या सवाष्णी पुढे होऊ देत." मग खालच्या आवाजात, "लोकांचं सोड. मलाच धडकी भरते ग."

 मी पुढे झाले. वही उघडली, आणि संक्रांतीच्या दिवशी जे जमलं नव्हतं ते केलं. सरकारी यादीत वन्संचं नाव शेवटी चढलं होतं. माझ्या वहीत मी आदल्या दिवशी ते सगळ्यात वर लिहिलं होतं. मी मोठ्यानं वाचलं, "भीमा." आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

पोस्टातल्या वहिनी म्हणाल्या, "सुशीलाबाई, आजच्या दिवशी तरी हे नको. आमचे हे रजेवर घरी आजारी आहेत." आणि त्या वळल्या. त्यांच्यामागे आणखी एक. बाकीच्यांची चुळबुळ सुरू झाली. दोन मतं गेली. आणखी जातील की काय, असं माझ्याही मनात आलं. ज्या यादीसाठी मी आठ दिवस पायपीट केली होती ती माझ्या डोळ्यांदेखत उसवायला लागली होती, आणि उसवणारी मीच होते. वहीतली ओळ बदलली असती तर सगळ्या थांबल्या असत्या. मी ओळ बदलली नाही.

नरसम्मा म्हणाली, "जाऊ दे अक्का. धागा तुटला तर गाठ मारायचं. माग मोडायचं न्हाई."

वन्सं आईकडे वळल्या. "आई, रोज सकाळी देवळात कशी जातेस?"

सासूबाईंनी तोंड आवाजाकडे वळवलं.

"माझा पदर धरून जातेस. मी पुढे, तू मागे. देव काही म्हणाला का आजवर?"

 सासूबाईंचं तोंड मला दिसत होतं. त्यावरून काय काय गेलं ते मी लिहू शकणार नाही. मुलगी चौदा वर्षांची असताना परत आली तो दिवसही त्यात असेल. मग त्यांनी हात पुढे केला, हवेत चाचपडला, आणि पदराचं टोक बोटांत घट्ट धरलं.

"चल तर," त्या म्हणाल्या. "आणि दगडं बघून चाल. मागच्या खेपेला ठेच लागली होती मला."

वन्संनी उंबरा ओलांडला. त्यांच्यामागे आई, आईमागे मी, नरसम्मा, अंबूमावशी आणि उरलेल्या सगळ्या. गल्लीत माग थांबवून लोक दारात आले. कोणीतरी म्हणालं, "पुढं कोण चाललंय बघा." अंबूमावशींनी चालता चालता उत्तर दिलं, "जिला वाचता येतं ती. तुला येतं का रे?"

मतदान एका शाळेत होतं. खोलीत मुलांचे बाक भिंतीला लावलेले, फळ्यावर कोणाचं तरी अर्धवट पुसलेलं गणित. टेबलामागचा अधिकारी नाव पुकारायचा, बाई पुढे जायची, कोणी मान हलवायची, कोणी "मीच ती" म्हणायची. त्यानं पुकारलं, "भीमा," आणि सासऱ्यांचं नाव. वन्सं ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हजर."

अधिकारी हसला. "हजर म्हणायची गरज नाही, बाई."

"मला होती," त्या म्हणाल्या.

बापानं घरी शिकवलेल्या, भावाच्या शाळेची हजेरी खिडकीबाहेरून ऐकत वाढलेल्या त्या मुलीला शाळेच्या खोलीत कोणी नाव घेऊन पुकारायला चाळीस वर्षं लागली होती. चिठ्ठी पेटीत टाकून त्या बाहेर आल्या आणि पायरीवर बसून बोरं खाऊ लागल्या.

त्या मतानं काय झालं, असं मला विचारतात. आम्ही ज्याला मत दिलं तो माणूस पुढे आमच्या पेठेत दिसला नाही. राज्य परक्यांचं होतं ते परक्यांचंच राहिलं. पोस्टातल्या वहिनी दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान ठणठणीत आहेत. पण पुढच्या संक्रांतीला वन्सं ओसरीवर बसल्या आणि वाण त्यांच्या हातानं दिलं. "कुंकू मला नको," त्यांनी आधीच सांगितलं, "मला माझी जागा पुरे." त्या वर्षी निम्म्या बायका आल्या नाहीत. त्यांच्या नावांपुढे मी 'आल्या नाहीत' एवढंच लिहिलं. दर वर्षी बोलावते. दर वर्षी एखादी जास्त येते. न येणाऱ्यांना मी यादीतून काढत नाही, आणि वन्संनाही नाही. दोन्ही गोष्टी मी कोणाला न विचारता करते.

आज सकाळी सखू आली. कणसं कोवळी आहेत. वन्संनी शेगडी पेटवली आहे, सासूबाई उन्हात बसून फोलपटं फुंकताहेत आणि निम्मी स्वतःच्याच लुगड्यावर उडवताहेत. मी लाल कापडातली वही सोडली, नवं पान काढलं, पहिलं नाव लिहिलं आणि जरा खाली माझं. पहिलं कोणतं हे आता घरात कोणी विचारत नाही.

वन्सं उठून माझ्याजवळ आल्या. हात पुढे करून म्हणाल्या, "पेन्सिल दे." त्या दिवशीचीच ती, फळीवर ठेवलेली, झिजून बोटभर उरली आहे. त्यांनी मागच्या दाराकडे बघून विचारलं, "सखू, तुझं पुरं नाव काय ग?"

"मला काय मत हाय व्हय ताई? कशाला लिवता?"

"कायदा यायचा तेव्हा येईल," वन्सं म्हणाल्या. "त्याला यादी तयार मिळायला हवी. सांग."

सखूनं हातातलं कणीस खाली ठेवलं, तळहात लुगड्याला पुसले आणि नाव सांगितलं. वन्संनी ते लिहिलं, माझ्या नावाच्या वर.